संपतदादाची वाट

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

बापूंनी आज मेंढरं विकायचा शब्द दिला.

बाळापूरच्या बाजारातून आले, चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्यायले आणि वाटेत कुणी भेटल्याचं सांगावं तसं सांगून टाकलं. "पाडव्याला गाडी घेऊन येतो म्हनला व्यापारी. सगळा कळप नेतो. शेळ्यांसकट."

वहिनी चुलीपुढे होत्या, त्यांनी मानही वर केली नाही. मीच बोलले, "बापू, दादाला जाऊन अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत."

"म्हनूनच."

"म्हणूनच म्हणजे?"

"कोन चारायचं त्याह्यला? तू?"

मी म्हटलं, हो. मी.

रागाच्या भरात बोलले, पण आता शांतपणे लिहायला बसल्यावरही तेच म्हणते आहे. संपतदादा माझा चुलत भाऊ, पण चुलत हा शब्द मला फॉर्म भरतानाच आठवायचा. मोठे काका-काकू लवकर गेले, तो आमच्याच घरात वाढला. माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. मी चालायला लागले ती त्याचं बोट धरून, आणि पोहायला शिकले ती त्यानं विहिरीत ढकलून दिल्यावर. दहावीला माझं केंद्र कळमनुरीला होतं, तर हा प्रत्येक पेपरला कळप दुसऱ्याच्या हवाली करून मला सोडायला यायचा आणि तीन तास शाळेच्या फाटकाबाहेर उकिडवा बसायचा. "आमची राधिका साहेब होनार," हे त्यानं इतक्यांना सांगून ठेवलंय, की दोनदा परीक्षेत आपटल्यावर मला गावातून मान खाली घालून चालावं लागतं.

डिसेंबरात, सकाळच्या धुक्यात कळप हमरस्त्यापार नेताना त्याला एका गाडीनं उडवलं. कळपातल्या एकाही जनावराला खरचटलं नाही.

ही वही नांदेडच्या अभ्यासिकेतली. रोज एक पान मराठी लिहा, निबंधाला हात चालतो, असं सर म्हणायचे. निबंध राहू दे. पण वही चालू ठेवते.


३ फेब्रुवारी

दोन दिवस घरात युद्ध. शेवटी तह झाला तो असा: पाडव्यापर्यंत कळप माझ्या ताब्यात. तोवर एकही जनावर दगावलं नाही आणि मी पळून आले नाही, तर बापू पुन्हा विचार करतील. "विचार करतील", बस, एवढंच. बापूंना पैशापुढं काही दिसत नाही असं माझं मत झालंय. कळप गावात आला की ते उठून देवळाकडं निघून जातात, बघतसुद्धा नाहीत.

अडचण अशी, की इथं चारा संपलाय. दादा दरवर्षी संक्रांतीनंतर कळप घेऊन मावळतीकडं जायचा, शेतात मेंढ्या बसवायचा आणि पाडव्याच्या आत परत यायचा. रात्रभर एखाद्याच्या रानात जाळी लावून मेंढ्या बसवल्या की लेंड्यांचं खत होतं, त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. पण जायचा कुठं? बापू म्हणाले, "कुरुंद्याच्या अंगानं जायचा. हळदीच्या रानात बसवतो म्हनायचा. पुढचं मला काय माहीत."

म्हणजे निम्मा रस्ता माहीत आहे. तेवढा पुरे.

वहिनी अचानक म्हणाल्या, "मी बी येते." दादा गेल्यापासून त्या 'व्हय' आणि 'न्हाई' सोडून काही बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या. त्या शेतकऱ्याच्या घरातल्या, सोळा वर्षांत कळपामागं कधी गेल्या नाहीत. पण घरात एकट्या बसून त्या झुरतील, त्यापेक्षा माझ्या नजरेसमोर असलेल्या बऱ्या. त्यांची मिना सातवीत आहे, ती आईजवळ राहील. वहिनींना सांभाळायची जबाबदारी मी घेते.


७ फेब्रुवारी

आज रस्ता ओलांडला. तोच रस्ता.

मी आधी जाऊन दोन्ही बाजूंना पाहून आले. ट्रॅव्हल्स, उसाच्या ट्रॉल्या, मोटारसायकली. मध्ये जागाच नाही. ठरवलं होतं की मी मधोमध उभी राहून हात करीन आणि वहिनी मागून कळप हाकतील. कळप कडेला आणला, आणि माझे पाय डांबरावर पडेनात. खरंच लिहिते, पडेनात. पांढऱ्या पट्टीपाशी उभी राहिले ती राहिलेच.

वहिनींनी माझ्या हातातली काठी घेतली आणि सरळ चालत जाऊन रस्त्याच्या मध्यावर उभ्या राहिल्या. हात केला नाही की ओरडल्या नाहीत. पदर कमरेला खोचलेला, काठी आडवी धरलेली. एक ट्रक कचकन थांबला, त्याच्यामागं सगळे थांबले. ढवळी शेळी पुढं झाली, तिच्यामागं मेंढरं. माझ्या पायांना त्यांच्या पाठी घासत गेल्या तेव्हा कुठं मी हलले.

पलीकडं गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "बस जरा." मी बसले. त्यांनी पाणी दिलं. मला वाटतं त्यांना त्या जागी काय वाटलं असेल हे विचारायला हवं होतं, पण मला त्यांचं दुःख उकरायचं नव्हतं.


१० फेब्रुवारी

टाचांना फोड. कोवळ्या हरभऱ्यात मेंढरं शिरली म्हणून एका माणसानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. मी कायद्याच्या भाषेत उत्तर दिलं, त्यानं त्याला आणखी राग आला. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या मेंढरं काढत होत्या. दादा असता तर त्यानं दुप्पट आवाजात भांडण केलं असतं आणि शेवटी त्याच माणसाच्या घरचा चहा पिऊन आला असता.


१३ फेब्रुवारी

आज वहिनींच्या पिठाच्या पिशवीतून माझी दोन पुस्तकं निघाली. राज्यघटनेचं आणि इतिहासाचं. मी म्हटलं, "हे ओझं कशाला आणलंत? एक एक किलोचं आहे."

"चुलीला कागद लागंल म्हनून," त्या म्हणाल्या.

पण चूल काटक्यांनीच पेटवली. नांदेडहून मैत्रिणीचे फोन येतात, मी घेत नाही. मला आता त्या परीक्षेचं काही वाटत नाही. माझं काम हे आहे.


१५ फेब्रुवारी

बापू येऊन गेले. मोटारसायकलवर, एवढ्या उन्हाचं. म्हणाले, खताचा भाव काय चाललाय ते बघायला आलो. आईनं दिलेले तिळाचे लाडू, गूळ, माझ्या फोडांना मलम. कळपापासून लांब, बाभळीखाली उभे राहिले. मी नोंद करून ठेवते: चार दिवसांत ही दुसरी फेरी. आम्ही कधी थकतो याची वाट बघून राहिलेत.

जाताना वहिनींना म्हणाले, "पोरगी जेवते का बराबर?"

मी ऐकलं. मी काय मेंढरू आहे का दगावायला?


१९ फेब्रुवारी

जमायला लागलंय. जाळी मी लावते, वहिनी कोकरं वेगळी करतात. काल एक मेंढी वितांना अडली तेव्हा दोघींनाही काही कळत नव्हतं. मी फोनवर पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारत होते, वहिनींचे हात आत होते, मी वाक्य सांगायची आणि त्या करायच्या. कोकरू जगलं. दोघी तिथंच मातीत बसून हसलो. वहिनींना हसताना पाहून मला वाटलं, मी त्यांना आणलं हे बरंच केलं.

कुरुंदा मागं पडलं. इथून पुढचा रस्ता मला माहीत नाही. हळदीची रानं मात्र सगळीकडं. कुठं काढणी चालू आहे, कुठं कढईत हळद शिजते आहे, वासानं डोकं जड होतं.


२४ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

परवा शिवरात्र, म्हणून औंढ्याकडं जाणारी माणसं आतापासून रस्त्यानं दिसत होती. मला गर्दी टाळून वसमतच्या बाजूला वळायचं होतं. फाट्यावर मी कळप डावीकडं वळवला. ढवळी वळली नाही. ती उजवीकडं चालू लागली. मी पळत जाऊन तिला आडवी झाले, ती मला वळसा घालून गेली. तिच्यामागं म्हाताऱ्या मेंढ्या, त्यांच्यामागं सगळा कळप. मी ओरडते आहे, काठी आपटते आहे, आणि शंभर जनावरं मला न जुमानता चालली आहेत. ती बिथरली असती तर मला भीती वाटली असती. पण ती अगदी शहाण्यासारखी, एका कडेनं, घरी चालल्यासारखी चालली होती.

वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे त्याह्यला. कुठं जातेत बघू."

एक ओढा लागला, तिथं सगळी पाणी प्यायली. मग गाडीवाट. पाटी आली: शिरड शहापूर. शिरडला माझी आत्या राहते. धुरपताआत्या, बापूंची थोरली बहीण. नऊ वर्षं आमचं जाणं-येणं बंद आहे. आजीच्या तेराव्याला मानपानावरून बिनसलं असं घरात सांगतात. मी तेव्हा अठराची होते.

गावाबाहेर एक पत्र्याचं घर, पुढं अंगणात हळद वाळत घातलेली, शेजारी एक काढणी झालेलं मोकळं रान. ढवळी त्या रानात शिरली आणि थांबली. मेंढ्या तिच्याभोवती बसल्यासुद्धा. त्यांना जाळीचीही गरज वाटली नाही.

घरातून एक बाई बाहेर आली. केस पांढरे झालेत, पण चाल तीच, पुढं झुकून. कपाळावर हात धरून उन्हात बघत ती ओरडली, "आलास का रे गाढवा! औंदा लय उशीर केलास! रान कवाचं मोकळं ठिवलंय तुझ्यासाठी!"

तिच्यामागून शिवहार, तिचा मुलगा, पळत आला. त्यानं मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, की याला माहीत आहे. आणि तिला माहीत नाही.

आत्या माझ्यामागं बघत होती. कळपामागून कोण येतंय ते. मागून वहिनी आल्या. कपाळ मोकळं, गळा मोकळा.

मला बोलायचं होतं. नांदेडला मुलाखतीची तयारी केली आहे मी, बोलायला शिकवतात तिथं. एक शब्द निघाला नाही. वहिनी आत्याच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आत्याबाई, त्ये गेले. धुक्यात. गाडी लागली."

आत्या खाली बसली. हळदीवरच बसली. आणि मग जो आवाज तिनं काढला तसा आमच्या घरात डिसेंबरात कुणीच काढला नव्हता.


२५ फेब्रुवारी

आम्ही इथंच आहोत. आत्या आम्हाला जा म्हणाली नाही, या म्हणाली नाही. शिवहारच्या बायकोनं, राणीनं, भाकरी वाढल्या.

शिवहारशी बोलले. तो म्हणाला, "मी तिसऱ्या दिवशी मोबाईलवर पाह्यलं. कुनीतरी फोटू टाकला होता. मायला सांगायची हिंमत झाली न्हाई. ती हळद काढायच्या आधीपासून म्हनून राहिली, हे रान निघालं की संपत येतो. आज सांगू, उद्या सांगू म्हनता म्हनता तुमी आल्या."

दादा दरवर्षी इथं येत होता. घरात कुणालाही न सांगता. वहिनींनासुद्धा माहीत नव्हतं. "हळदीच्या रानात बसवतो" एवढंच.


२७ फेब्रुवारी

आत्या आज पहिल्यांदा माझ्याशी बोलली. हळद उलथीपालथी करत होती, मी मदतीला गेले.

"तुला तरी सांगितलं का, आपलं काहून तुटलं?"

मी मानपानाचं सांगितलं. ती हसली, पण हसण्यासारखं काही नव्हतं त्यात.

"मानपान! तुला मी मागितलं होतं. शिवहारला. तुझ्या बापानं व्हय म्हनलं, सुपारी फोडायचा दिवस ठरला. आन् मंग संपत आला इथं, एकटाच. हितं उभा राहिला, तू उभी हायेस ना, तितंच. म्हनला, आत्या, राधिकाला शिकायचंय, ती लग्न करनार न्हाई. म्या म्हनलं, तिला विचारलं का? म्हनला, विचारलं तर ती बापूचं मन मोडनार न्हाई, व्हय म्हनंल. म्हनून विचारलंच न्हाई."

माझे हात हळदीतच राहिले.

"लय बोलले त्याला. आईबाप न्हाईत म्हनून तुला कुनी वळन लावलं न्हाई, असं बी बोलले. तुझा बाप त्याच्या बाजूनं गेला, शब्द फिरवला. म्या म्हनलं, आजपासून मला भाऊ न्हाई." तिनं हळद पुन्हा उलथली. "पुढल्या साली हा कळप घेऊन दारात. म्हनला, तुझ्या रानात मेंढ्या बसवतो, काही देऊ नको. म्या पानी बी इचारलं न्हाई. उपाशी बसला रातभर, सकाळी गेला. त्याच्या पुढल्या साली परत. तवा पानी दिलं. तिसऱ्या साली भाकर दिली, पर बोलले न्हाई. चवथ्या साली म्हनला, आत्या, कालवन खारट हाय. मंग मला हसू आलं."

मी विचारलं, "तो माझ्याबद्दल काही बोलायचा?"

"म्या दर साली इचारायचे, झाली का रे साहेब? म्हनायचा, औंदा होती बघ."

नंतर मी ओढ्यावर जाऊन बसले. नऊ वर्षं मी समजत होते, की माझं शिक्षण हे माझं आहे. मला कुणी अडवलं नाही, असं मी मैत्रिणींना अभिमानानं सांगायचे.

शिवहारला मी पाहते आहे ते आता वेगळ्या नजरेनं, आणि त्याला ते कळलं. तो म्हणाला, "बरं झालं तू आली न्हाईस. लय बोलतीस तू. माझी राणी बरी हाय." राणीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला.


१ मार्च

आईला फोन करून सांगितलं, आम्ही आत्याकडे आहोत. मग मागून बापूंचा आवाज, "कुठं?" आणि फोन बंद.

मी ठरवलंय. ते कळप न्यायला आले तरी द्यायचा नाही. पाडव्यापर्यंतचा शब्द आहे.


२ मार्च, रविवार

बापू आले. सकाळीच.

कुंपणाबाहेर मोटारसायकल उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. आत्या अंगणात होती. तिनं मान वर केली नाही.

"कोन हाय?"

"आक्का, मी."

"मी कोन?"

"अमृत."

"अमृत नावाचा एक भाऊ होता मला," आत्या हळदीकडं बघत म्हणाली. "त्याच्या घरचं लेकरू गेलं असतं तर त्यानं मला सांगितलं असतं."

गाडी धडधडत होती. मी दारात, वहिनी रानाच्या कडेला. मध्ये जावं असं मला दोनदा वाटलं.

"काहून सांगितलं न्हाई?" आत्या ओरडली. "माझ्याशी वैर होतं ना? मंग मला शिव्या द्यायला तरी सांगावा धाडायचा! म्या त्याचं तोंड बी पाह्यलं न्हाई, अमृत्या!"

"हिंमत झाली न्हाई."

"मला सांगायची?"

"तुला रडताना पाहायची." बापू कुंपणाला धरून उभे होते. "तू आली असतीस तर तू रडली असतीस. आन् मंग मला बी रडावं लागलं असतं. घरात सगळ्या बायका, लेकरं. म्या रडलो असतो तर त्याह्यला कोन सांभाळलं असतं?"

मी बापूंना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते पुढं म्हणाले, ते कळपाकडं बघून. बघत नव्हते ते कधी, आज बघितलं. "संध्याकाळी ही मेंढरं गावात आली ना आक्का, की मी देवळाकडून मागं बघतो. शेवटचं मेंढरू गेलं की मागून तो येईल म्हनून बघतो. रोज बघतो. मला तकलीफ होऊन राहिली. म्हनून विकून टाकायची म्हनलं."

मी खूप काही लिहिलंय या वहीत बापूंबद्दल. ते खोडत नाही. पण ते वाचून मला आता लाज वाटते.

मग आत्या म्हणाली, "बंद कर ती गाडी. पेट्रोल जळून राहिलं."

बापूंनी गाडी बंद केली आणि आत आले. आत्यानं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ते लहान मुलासारखे रडले. आत्याही. बासष्ट वर्षांचा माणूस रडताना पाहून माझ्याही डोळ्यांना धार लागली. राणीनं चहा ठेवला, तो उतू गेला, तिनं दुसरा ठेवला.

चहा पिताना बापू म्हणाले, "पर व्यापाऱ्याला शब्द देऊन बसलो म्या."

आत्या म्हणाली, "शब्द फिरवायचं तुला काय नवं हाय का?"

आधी कुणालाच हसावं की नाही कळेना. मग शिवहार हसला, मग बापूच हसले, डोळे पुसत.

मी संधी साधली. म्हटलं, "बापू, बघा, एकही जनावर दगावलेलं नाही. उलट चार कोकरं वाढलीत. वहिनींसाठी तरी कळप ठेवा. त्यांचा जीव रमतो. मी राहते इथं, नांदेड सोडते, मी सांभाळते सगळं..."

"राधिका," वहिनी म्हणाल्या.

मी थांबले.

"मेंढरं कुनाची हायेत?"

"तुमची," मी म्हटलं.

"मंग मला कुनी इचारलं?" त्या बापूंकडं बघून म्हणाल्या, अगदी हळू आवाजात. "बापू, तुमी विकायचं ठरवलं, मला इचारलं न्हाई. राधिका, तू ठिवायचं ठरवलं, तू बी इचारलं न्हाईस. मला सांभाळायला घेऊन आलीस तू. म्या तुला सांभाळायला आले होते. तुझ्या दादानं तुला एकटीला रानात जाऊ दिलं असतं का?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी कळप ठिवनार हाय. मी चारनार हाय. मला जमतंय आता. आन् तू नांदेडला जानार हायेस. त्या मानसानं तुझ्यापायी नऊ वर्षं आत्याबाईच्या शिव्या खाल्ल्या. तू हितं मेंढरामागं फिरलीस तर त्या शिव्या फुकट गेल्या."

आत्या म्हणाली, "खरं हाय. लय मेहनतीनं दिल्या होत्या म्या."


३ मार्च

बापू काल मुक्कामाला राहिले. आज उठून कळपात गेले. एकेका मेंढीच्या तोंडावरून हात फिरवत होते. वहिनी त्यांना काम सांगत होत्या आणि ते करत होते.

पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरच, दादानं मला विचारलं नाही याचा एवढा राग आला की मिटलं. मग पुन्हा उघडलं.


१४ मार्च, धुळवड

रंगाऐवजी हळद. राणीनं सुरुवात केली. आत्यानं कुणाला लावली नाही आणि स्वतःला लावून घेतली नाही, पण रागावलीही नाही.

रोज दुपारी बाभळीखाली दोन तास अभ्यास. आत्या लिहायला-वाचायला शिकलेली नाही, पण मी मोठ्यानं वाचते तेव्हा ती ऐकते आणि मध्येच हटकते: "म्हंजी त्या राज्यपालाला काम काय असतं मंग?" तिला समजावून सांगता सांगता मलाच समजतं.


२७ मार्च

परतीची वाट. आत्या सोबत आहे. शिवहार म्हणाला, मोटारसायकलवर सोडतो. बापू म्हणाले, जीप करतो. ती म्हणाली, "संपतसोबत एक डाव बी आले न्हाई मी माहेराला. तो दर साली चल म्हनायचा. आता त्याच्या मेंढरासोबत येते." वय झालंय, गुडघे दुखतात. सावकाश चालतो. उशीर झाला तर होऊ दे.


३० मार्च, पाडवा

काल पोचलो. आई वेशीपर्यंत आली होती. आत्या आणि ती एकमेकींच्या गळ्यात पडून किती वेळ होत्या. मिना बाजूला उभी राहून बघत होती. ही कोण हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आत्यानं तिला जवळ ओढलं आणि म्हणाली, "संपतचं नाक हाय."

आज व्यापारी गाडी घेऊन आला. बापूंनी त्याला पुरणपोळी खाऊ घातली आणि रिकाम्या गाडीनं परत पाठवलं. तो जाताना बडबडत होता. बापू म्हणाले, "बोल बाबा. बोलून घे."


८ एप्रिल, मंगळवार. नांदेड

सकाळच्या एसटीनं निघाले. निघताना आत्यानं सांगितलं, "औंदा होती बघ." दादाचेच शब्द.

आई, मिना थांब्यावर. वहिनी आल्या नाहीत, त्यांचा कळप पहाटेच निघाला होता. मला थोडं वाईट वाटलं. गाडी गावाबाहेर आली, तर रस्त्याच्या कडेच्या रानात मेंढरं दिसली. कुणाच्या तरी उन्हाळी भुईमुगात शिरलेली. शेतमालक बांधावर उभा राहून हातवारे करत होता. आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून वहिनी.

"कुंपन घालायला काय झालं तुला? मेंढराला वाचता येतंय व्हय, हे तुझं रान हाय म्हनून? ओ बापू, तिकडून वळवा, तिकडून! बघत काय राहिले!"

बापू धोतर सावरत पळत होते. शेतमालकाचा आवाज ऐकूच येत नव्हता. वहिनींचा मात्र गाडीच्या मागच्या सीटपर्यंत येत होता. खिडक्यांतून सगळे वाकून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, थोड्या वेळानं दोघं चहा पितील बघा.

कंडक्टर तिकिटासाठी माझ्यापाशी आला आणि तोही वाकला. "काय बाई हाय राव! वळखीची हाय का तुमच्या?"

मी म्हटलं, "आमची हाय."

उद्या सकाळी सातला अभ्यासिका उघडते.